बसल्या जागी शुद्ध जाते : आधी डोक्याचा स्कॅन की ईसीजी?

हुक्केरीचा_पाहुणा

मंडळी, घरात यावरून तट पडलेत म्हणून इथं विचारतोय.

आमचे थोरले काका, वय ६४, हुक्केरी तालुक्यात शेती. बीपीची गोळी चालू आहे, साखर नाही. मागच्या महिन्यात पारावर गप्पा मारत बसले होते. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात थांबलं आणि शेजारच्याच्या अंगावर कलंडले. अर्ध्या मिनिटात डोळे उघडले आणि 'व्हय, काय सांगत होतो मी?' म्हणत पुन्हा गप्पा सुरू. गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. परवा गोठ्यातून बाहेर येताना तीच गत. या वेळी भुवई फुटली, टाके पडले. चुलतभाऊ म्हणतो पडल्यावर हात झटकले, म्हणजे फिटच, बेळगावला नेऊन डोक्याचा एमआरआय करू. निपाणीच्या आत्या म्हणतात कोल्हापूर जवळ पडतं. काकूंच्या मते हे बाहेरचं आहे, अमावस्येच्या आत उतरवून टाका. काका म्हणतात ऊस कारखान्याला जाऊ दे, मग बघू.

आधी कुणाला दाखवायचं आणि तिथं काय विचारायचं? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी लिहा.

कुंदाप्रेमी

पित्त असणार. आमच्यात सगळ्याला पित्तच कारण असतंय. पगार उशिरा झाला तरी पित्त.

खडेबाजार_कट्टा

कांदा फोडून नाकाला लावायचा, तोंडावर पाणी मारायचं, थोडं तोंडात ओतायचं, दातखीळ बसली असंल तर चमचा घालायचा. आमच्या आजोबांपासून चालत आलंय. चामड्याची चप्पल हुंगवली की ताबडतोब उठतो माणूस.

कुंदाप्रेमी

@खडेबाजार_कट्टा, तुमची चप्पल हुंगवली तर उठतोच की. उठून पळतो.

आयसीयू_ताई

कट्टा भाऊ, कांदा-चप्पल चालू दे, त्यानं काही बिघडत नाही. माणूस तसाही मिनिटभरात उठणारच असतो, श्रेय चपलेला जातं. पण चमचा आणि तोंडात पाणी हे दोन प्रकार बंद करा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसात जातं. चमच्यानं दात मोडतात, कधी घालणाऱ्याचं बोट तुटतं. दोन्ही प्रकारचे पेशंट मी बघितलेत.

आडवं करायचं, पाय वर उचलून धरायचे, गर्दी हटवायची. उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे चारजण मिळून त्याला उठवून खुर्चीत बसवतात. मेंदूला रक्त कमी पडलं म्हणून तर तो पडला, आणि आडवं होणं हाच त्याचा इलाज असतो.

डॉ_तातडी

मी तातडीच्या विभागात काम करतो, याच भागात. पाहुणे, तुमची पोस्ट वाचून काळजी वाटली म्हणून मोठं लिहितोय. ऑनलाइन निदान होत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

अचानक शुद्ध जाऊन, थोड्या वेळात आपोआप पूर्ण परत येणं, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : मेंदूकडे जाणारं रक्त काही सेकंद कमी पडलं. ते कमी का पडलं, हा खरा प्रश्न. ढोबळ तीन गट करतो आम्ही.

पहिला, सगळ्यात जास्त दिसणारा. उन्हात उभं राहणं, रक्त बघणं, इंजेक्शनची भीती, जोराची कळ. मज्जातंतूंच्या प्रतिक्रियेनं नाडी मंद होते, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी खाली येतं. याला बहुधा पूर्वसूचना असते : मळमळ, घाम, कानात आवाज, डोळ्यांपुढं अंधारी. लघवी करताना किंवा जोराच्या खोकल्यात पडणारेही याच गटात. दुसरा, उभं राहिल्यावर बीपी पडणं. जुलाब, रक्तस्राव, बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या, जुना मधुमेह. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त उतरलं तर आम्ही ते या गटात धरतो. तिसरा गट हृदयाचा. ठोका फार मंद होतो, मधेच थांबतो किंवा इतका वेगात जातो की रक्त पुढं ढकललंच जात नाही. झडप अरुंद झालेली असली तरी असं होतं. संख्येनं हा गट लहान आहे, पण माणूस दगावतो तो याच गटातला.

आता तुमच्या काकांचं बघा. बसलेले होते, उभे नव्हते. कसलीही सूचना नाही, वाक्य अर्ध्यात तुटलं. लगेच शुद्धीवर, डोकं ताळ्यावर, गोंधळ नाही. वय साठच्या पुढं. दुसऱ्यांदा इजा झाली, म्हणजे सावरायला हात पुढं करण्याइतकाही वेळ मिळाला नाही. हे चित्र मला तिसऱ्या गटाचं वाटतं. त्यामुळं आज किंवा उद्या ईसीजी. कारखान्याची वाट बघू नका. तोवर त्यांनी मोटारसायकल, ट्रॅक्टर, विहिरीचा काठ टाळावा.

हात झटकण्याबद्दल : मेंदूला काही सेकंद रक्त मिळालं नाही की हातपाय दोन-चार वेळा झटकतात. तेवढ्यावरून फिट म्हणता येत नाही. फिटमध्ये झटके जास्त वेळ चालतात, जीभ कडेला चावली जाते, आणि मुख्य म्हणजे नंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला, पेंगलेला राहतो. तुमचे काका तर मागचा विषय पुढं चालू करायला निघाले होते.

आणि एक : सगळी औषधं सांगा. सगळी म्हणजे सगळी, आयुर्वेदिक, दुकानातून आणलेली, डोळ्यांचे थेंबसुद्धा.

निवृत्त_मास्तर

उत्तम प्रतिसाद. डॉक्टर, हार्ट अटॅक आणि हे यातला फरक आमच्यासारख्यांसाठी एकदा सांगाल का? कन्नड नट पुनीत राजकुमार ऑक्टोबर २०२१ मध्ये ४६ व्या वर्षी गेले, तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणाच्या छातीत जळजळलं तरी 'तसंच' म्हणतात.

डॉ_तातडी

मास्तर, शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. पाइपात गाळ अडकून पाणी बंद होणं म्हणजे हार्ट अटॅक. स्टार्टर बिघडून मोटार थांबणं किंवा वेडीवाकडी फिरणं म्हणजे ठोक्यांचा, लयीचा बिघाड. गाळ अडकल्यामुळं मोटार जळू शकते, तसा अटॅकमुळं लय बिघडून माणूस जागीच जाऊ शकतो. पण पाइप स्वच्छ असूनही स्टार्टर बिघडतो. म्हणून 'अँजिओग्राफी नॉर्मल आली, हृदय ठणठणीत आहे' एवढं ऐकून गप्प बसायचं नाही.

तंबाखू_वखार

निपाणीहून. आमच्याकडं तंबाखूच्या रानात बायका सकाळी दवाच्या वेळेला पानं खुडतात, ओल्या पानांतून निकोटीन कातडीतून अंगात जातं. मळमळ, उलट्या, घेरी, थंड घाम. आता बरेचजण लांब बाह्यांचा सदरा घालतात आणि काम झाल्याबरोबर साबणानं हात धुतात, तेवढ्यानं खूप फरक पडतो. तरी मुकादम म्हणणार 'नवीन हाय, सवय हुईल'. डॉक्टर, या चकरेचा आणि हृदयाचा काही संबंध?

डॉ_तातडी

आहे. निकोटीननं नाडी आणि बीपी आधी वर, मग खाली जाऊ शकतं. बहुतेकजण रानातून बाहेर काढून, कपडे बदलून, अंग धुवून सावलीत आडवं केलं की सावरतात. पण रानात कुणी पडलं तर फवारणी झाली होती का हे पहिल्यांदा विचारा. कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, घाम सुटतो, छातीत घरघर होते, नाडी मंद होऊ शकते. तिथं पाय वर करून बसायचं नाही, गाडी काढायची. अ‍ॅट्रोपीन हे उताऱ्याचं औषध लागतं, तेही पुन्हा पुन्हा. औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत आणा, निम्मा वेळ वाचतो.

बांधावरच्या पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया खाल्ल्यानंही ठोके तुटतात, हार्ट ब्लॉक होतो. पोरं खेळताना खातात, मोठी माणसं कशासाठी खातात ते तुम्हाला माहीत आहे. उलटी झाली म्हणजे सुटलो असं समजू नका, मॉनिटरवर ठेवावंच लागतं.

मलप्रभेकाठ

वाचतोय. धाग्याची खूण साठवली.

सांगतो_स्पष्ट

थोडं वाकडं बोलतो. आमच्या मुलाला गणपतीच्या मिरवणुकीत घेरी आली. एका दवाखान्यात डोक्याचा सीटी, मानेचा डॉपलर, ईईजी, रक्ताच्या डझनभर तपासण्या. बिल बघून मला घेरी आली. सगळं नॉर्मल. शेवटी सांगितलं, पाणी पीत जा. डॉक्टर लोकांनी इथं कितीही गोड लिहिलं तरी धंदा तो धंदा.

डॉ_तातडी

स्पष्ट साहेब, तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत आहे. तरुण मुलगा, गर्दी, उकाडा, उपाशीपोट, आधी मळमळ आणि अंधारी, मग पडला आणि दोन मिनिटांत ठीक. त्याला नीट विचारपूस, झोपून आणि उभं राहून बीपी, साखर आणि एक ईसीजी एवढं पुरतं. डोक्याला मार नसेल, हात-पाय-वाचा ठीक असेल, तर सीटीत काही सापडण्याची शक्यता अगदी कमी. मानेच्या डॉपलरची तर गरजच नाही. पण उलटी बाजूही ऐका. मी सीटी नको म्हटलं तर नातेवाईक म्हणतात, 'डोक्यावर पडलंय आणि हे डॉक्टर छातीला वायरी लावतंय.' निम्मे सीटी डॉक्टरांच्या हट्टानं होतात आणि निम्मे पाहुण्यांच्या.

सांगतो_स्पष्ट

निम्मे? असो. प्रामाणिक उत्तराबद्दल आभार.

खानापूरची_लेक

मला या धाग्यावर लिहायचं की नाही ठरत नव्हतं. लिहिते.

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून 'फिट' यायची. सकाळी गजर वाजला की, कधी फटाका फुटला की, कधी शाळेची घंटा. फिटच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू होत्या. मेंदूचे रिपोर्ट दर वेळी नॉर्मल. आमचा मामेभाऊ पोहण्यात पटाईत, तो नदीत बुडून गेला. लोक म्हणाले भोवरा. दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडला नव्हता.

बहीण बाळंतपणानंतर पुन्हा पडली तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का, बुडून, झोपेत, असं? मग जुने ईसीजी मागवून स्वतः पट्टीनं मोजत बसल्या. लाँग क्यूटी निघालं, हृदयाच्या लयीचा घराण्यात चालणारा आजार. मग आई, मी, मामा, सगळ्यांचे ईसीजी झाले. आईचाही तसाच निघाला. आता बहिणीला बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोका आवरणारी गोळी, चालू आहे, फोन कायम व्हायब्रेटवर, गजर बंद. दाराची बेलसुद्धा काढून टाकली. कुठलंही औषध घ्यायच्या आधी आम्ही विचारतो.

पाहुण्यांना एवढंच सांगते, घरातली जुनी अचानक गेलेली माणसं आठवून ठेवा. डॉक्टर विचारतीलच.

आयसीयू_ताई

ताई, खूप मोलाचं लिहिलंत.

डॉ_तातडी

ताईंनी लिहिलेलं नमुनेदार आहे. अचानक आवाजानं शुद्ध जाणं आणि पोहता येत असून बुडणं, या दोन्ही खुणा लाँग क्यूटीच्या वेगवेगळ्या प्रकारांत सापडतात. ईसीजीवर क्यूटी नावाचं एक अंतर असतं. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त करून ते ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं की धोका बराच वाढतो. ज्याला जन्मजात नाही त्यालाही औषधांनी होतं : अ‍ॅझिथ्रोमायसीन, लिवोफ्लॉक्सासिन, उलटीची काही औषधं, मानसिक आजारांच्या काही गोळ्या. त्यात जुलाबानं पोटॅशियम उतरलेलं असेल तर भरच. आपल्याकडं जुलाब-उलटीला मेडिकलमधून एकाच वेळी काय काय दिलं जातं ते आठवा.

ईसीजीवर आम्ही आणखी काय शोधतो तेही सांगतो, कारण मशीन वर 'नॉर्मल' छापतं आणि लोक तेच वाचतात. वरच्या कप्प्यांचे आणि खालच्या कप्प्यांचे ठोके एकमेकांना धरून आहेत की आपापले चाललेत. वीज वरून खाली पोचायला लागणारा वेळ, म्हणजे पीआर, साधारण १२० ते २०० मिलिसेकंद असायला हवा. फार कमी असेल आणि पुढच्या लाटेची सुरुवात तिरकी असेल, तर विजेला जन्मजात आडवाट आहे. छातीच्या पहिल्या दोन लीडमध्ये ब्रुगाडा या लयीच्या जन्मजात आजाराची खूण आहे का, ती तापात जास्त उघडी पडते. स्नायू जाड झाल्याच्या खुणा, विशेषतः खेळता-पळताना पडलेल्या पोरात. पळताना पडणं आणि पळून झाल्यावर थांबलं की पडणं यात फरक आहे. ऐन पळताना पडला तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय मैदानावर पाठवू नका.

चिक्कोडी_एक्स्प्रेस

आडवाटवाला मीच. वूल्फ-पार्किन्सन-व्हाइट. कॉलेजात असताना बसल्या बसल्या नाडी २०० च्या घरात, छाती शर्टातून उडताना दिसायची. मित्र म्हणायचे पोरगी गेली असंल समोरून. तातडीच्या विभागात १० मिलीची सिरिंज दिली, म्हणाले दट्ट्या हलेल एवढ्या जोरानं १५ सेकंद फुंक. फुंकून होतंय तोवर एकदम आडवं पाडलं आणि पाय वर. खट्टकन नाडी जागेवर. पुढच्या खेपेला तेवढ्यानं भागलं नाही, अ‍ॅडिनोसिन दिलं. सांगून दिलं होतं तरी, ते काही सेकंद छातीत जे होतं ना, आयुष्यातली सगळी उसनवारी आठवली. पुढं तारेनं ती वाट जाळून टाकली. आता क्रिकेट, लग्न, सगळं चालू आहे.

कुंदाप्रेमी

लग्नानंतर नाडी किती असती?

चिक्कोडी_एक्स्प्रेस

बायको वाचते हा धागा. ७२.

डॉ_तातडी

सिरिंज फुंकून लगेच आडवं पाडून पाय उचलायच्या या पद्धतीची इंग्लंडमध्ये रीतसर चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला. नुसतं बसून फुंकणाऱ्यांत १७ टक्क्यांची लय जागेवर आली, पाय उचललेल्यांत ४३ टक्क्यांची. फुकट इलाज. पण घरी मनानं करू नका, लय कुठली ते आधी ईसीजीवर दिसायला हवं. एक्स्प्रेससारख्या पेशंटला आडवाट असताना वरच्या कप्प्यात फिब्रिलेशन, म्हणजे बेताल थरथर, सुरू झालं तर व्हेरापॅमिलसारखं नेहमीचं औषध उलटू शकतं.

आयसीयू_ताई

बायकांविषयी एक गोष्ट राहिली. पाळी चुकलेली तरुण बाई, पोटात एका बाजूला कळ, आणि न्हाणीत घेरी येऊन पडली. घरचे म्हणतात अशक्तपणा, रक्त कमी. हे गर्भनलिकेतलं गर्भारपण फुटून पोटात रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं. पाळीच्या वयातली कुणीही बाई पडली की लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायलाच हवी. 'आमच्या पोरीचं लग्न झालेलं नाही' असं सांगून अडवू नका. तसंच काळी, डांबरासारखी शौचाला होत असेल आणि उभं राहिलं की घेरी येत असेल, तर जठरातून रक्त जातंय का ते बघायचं. सगळीच घेरी हृदयाची नसते.

खडेबाजार_कट्टा

चमच्याचं पटलं. पण समजा माणूस पडला आणि उठलाच नाही, तर?

आयसीयू_ताई

खांद्याला हलवून हाक मारा. ओ नाही, श्वास नाही किंवा मधेच आचके दिल्यासारखा, तर हृदय थांबलंय असं धरून चाला. एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मधे न थांबता. दमलं की माणूस बदला. आचक्यांना श्वास समजून लोक थांबतात, तिथंच जीव जातो. जून २०२१ मध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन फिनलंडविरुद्धच्या मॅचमध्ये मैदानात कोसळला. जागेवरच छाती दाबली, शॉक दिला, म्हणून वाचला. नंतर शॉक देणारं यंत्र शरीरात बसवून घेऊन तो पुन्हा फुटबॉल खेळला.

आणि १०८ लावल्यावर आधी राज्य, जिल्हा, तालुका सांगा, मग गाव. नंबर दोन्ही राज्यांत एकच आहे आणि आपले मोबाइल कधी इकडचा टॉवर पकडतात, कधी तिकडचा. गावांची नावंही सारखी असतात.

हिरण्यकेशी

हा सल्ला सोन्यासारखा आहे. संकेश्वरच्या पुढं आमचा फोन दिवसातून चारदा 'महाराष्ट्रात स्वागत' म्हणतो. सीमाप्रश्न फोनला तरी कळलाय.

संपादक_मंडळ

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत. इथं नको, ही विनंती.

हुक्केरीचा_पाहुणा

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद काकांना मोठ्यानं वाचून दाखवला. 'विहिरीचा काठ' ऐकल्यावर कुठं तयार झाले. संकेश्वरात ईसीजी काढला. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि थेट बेळगावला हृदयविभागात पाठवलं, डोक्याच्या स्कॅनची चिठ्ठी दिलीच नाही. रिपोर्टवर लिहिलंय : राइट बंडल ब्रँच ब्लॉक, लेफ्ट अ‍ॅक्सिस, पीआर २४०. बीपीची गोळी मेटोप्रोलॉल निघाली. आणि डोळ्यांच्या थेंबांचं तुम्ही लिहिलंत म्हणून काकूंनी फडताळ धुंडाळलं. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू आहेत, सकाळ-संध्याकाळ. त्यांना औषध म्हणून कुणी मोजलंच नव्हतं.

डॉ_तातडी

टिमोलॉल आणि मेटोप्रोलॉल एकाच घराण्यातले, दोघंही ठोका मंद करतात. डोळ्यातला थेंब नाकात उतरतो आणि तिथून सरळ रक्तात जातो. खालच्या कप्प्यांकडं वीज नेणाऱ्या तीन फांद्या धरल्या तर काकांच्या दोन आधीच बंद आहेत, आणि पीआर लांबलाय म्हणजे उरलेली वाटही बहुतेक सुस्त आहे. त्यावर ही दुहेरी औषधं. ती बंद करून मॉनिटरवर ठेवतील. नेत्रतज्ज्ञांना कळवून थेंब बदलून घ्या, नुसते बंद करू नका, नाहीतर डोळा जाईल. औषध उतरल्यावर ठोका सुधारला तर ठीक, नाही सुधारला तर पेसमेकर. साखळीच्या घड्याळात बघून मोजण्यासारखी गोष्ट नाही ही, दवाखान्यातच राहू दे त्यांना.

निवृत्त_मास्तर

जरा इतिहास. शुद्ध जाणं आणि मंद नाडी यांचा संबंध आयर्लंडच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये लिहून ठेवला. ईसीजीचं यंत्र घडवणाऱ्या आइन्टहोवेन यांना १९२४ चं नोबेल. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं! मग दुसरं बसवलं. लार्सन पुढं २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. बसवणारे सर्जन आणि बनवणारे इंजिनिअर दोघंही त्यांच्या आधी गेले.

कुंदाप्रेमी

मास्तर, तुमच्या वर्गात घेरी आली असती तर असंच टिपण लिहून घेतलं असतं काय?

निवृत्त_मास्तर

लिहून घेतलं असतं आणि पालकांची सहीही आणायला लावली असती.

हुक्केरीचा_पाहुणा

औषधं बंद होऊन दोन-तीन दिवस झाले तरी रात्री मॉनिटरवर खालचे ठोके काही सेकंद गायब. परिचारिका धावत आल्या, काका झोपेत, त्यांना पत्ताच नाही. काल पेसमेकर बसला. भूल फक्त तेवढ्या जागेची, काका सगळा वेळ डॉक्टरांशी उसाच्या दरावर बोलत होते. फिटच्या गोळीचा विषय संपला. चुलतभाऊ अजून म्हणतोय एकदा एमआरआय करून घेऊ, मनाचं समाधान.

खर्चाचं विचारताय त्यांच्यासाठी : आमचं रेशनकार्ड कर्नाटकचं, आयुष्मानमध्ये नाव होतं, कागद तिथल्या मदत कक्षात दिले. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना २०२३ मध्ये लागू केली, त्याची चौकशी निपाणीच्या आत्यांनी केली होती, पण आम्ही इकडंच उरकलं. बाकी शंका घरच्यांच्या : मोबाइल, बोअरची मोटार, वेल्डिंग, इंडक्शन शेगडी?

डॉ_तातडी

छान झालं. डावीकडं बसवला असेल तर मोबाइल उजव्या कानाला धरा, डाव्या खिशात नको, पेसमेकरपासून वीतभर लांब. घरातली वायरिंग, मिक्सर, टीव्ही चालतंय. इंडक्शन शेगडीवर ओणवून उभं राहायचं नाही, हातभर अंतर. मोटारीच्या स्टार्टरपेटीचं बटण दाबायला हरकत नाही, पण पेटी उघडून दुरुस्ती दुसऱ्याकडून. आर्क वेल्डिंग करायचंच नाही असं धरा. ज्या बाजूला बसवलाय तो हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, वैरणीचा भारा तर नाहीच. बॅटरी आठ-दहा वर्षं सहज चालते, तपासणीच्या तारखा चुकवू नका. कार्ड कायम खिशात. आणि चुलतभावाला सांगा, आता एमआरआय करायचा तर पेसमेकर त्यासाठी चालणारा आहे का ते आधी विचारावं लागतं.

निवृत्त_मास्तर

नको तो प्रश्न विचारतो. शेवटी दहन करताना?

डॉ_तातडी

काढावाच लागतो. आगीत बॅटरीचा स्फोट होतो. घरच्यांनी दवाखान्यात आठवणीनं सांगायचं. काकांना मात्र आत्ताच हे वाचून दाखवू नका.

हुक्केरीचा_पाहुणा

त्यांनीच शेजारी बसून वाचलं. म्हणतात, 'उडू दे की, तेवढाच बार.'

वडगावची_सून

उशिरा आले, पण विचारते. मुलगी चौदा वर्षांची, शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभी असताना पडते. आधी मळमळतं म्हणते. नाश्ता करत नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या रांगेतही पडली, तिथं लोकांनी अंगात आलं म्हणून हळद-कुंकू लावलं आणि नमस्कार केला. घाबरायचं का?

डॉ_तातडी

तुम्ही लिहिलंय त्यावरून साध्या घेरीचं वाटतं. नाश्ता, सकाळी दोन-तीन पेले पाणी, प्रार्थनेत उभं असताना पिंढऱ्या आवळायच्या-सोडायच्या. मळमळलं की लाजायचं नाही, खाली बसायचं. तेही जमत नसेल तर पायांची अढी घालून मांड्या आवळायच्या, दोन्ही हातांचे पंजे एकमेकांत अडकवून ओढायचे, बीपी टिकतं. रक्त कमी आहे का ते बघून घ्या. तरी एकदा ईसीजी काढाच, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का ते विचारा. पळताना, आवाजानं दचकून किंवा झोपल्या जागी पडली तर लगेच दाखवा.

वडगावची_सून

सासरकडं असं कुणी नाही, सासूबाईंना विचारलं. माहेरचं मोठ्या मामांना विचारून उद्या लिहिते.